मांजर घरात असताना व नसताना

“बाई, डालगं आणलंय. मांजर कुठाय?”

जगूतात्या फाटकाशी उभे होते. बरोबर सकाळचे नऊ वाजले होते. तात्यांचं पेंडीचं दुकान, पण वेळेला माणूस इतका पक्का की आमच्या शाळेत असते तर घंटेचं काम मी त्यांनाच दिलं असतं. एका हातात कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं, दुसऱ्या हातात सुतळी. त्यांच्या गोदामात उंदरांनी उच्छाद मांडला होता आणि माझ्याकडे एक मांजर होतं. ते माझ्याकडे राहणार की तात्यांच्या गोदामात जाणार, हे आज ठरायचं होतं.

“बसा तात्या,” मी म्हटलं. “निकाल अजून वाचायचाय.”

“मांजराचा निकाल?”

“मांजराचा नव्हे, प्रयोगाचा.”

तात्या टोपी गुडघ्यावर ठेवून पायरीवर बसले. भोईटे बाईंशी वाद घालायचा नाही, हे फलटणात दोन पिढ्यांना ठाऊक होतं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. पण ती सकाळ आठवली की अजून माझ्या छातीत धडधडतं, कारण निकाल मला आधीच माहीत होता. पहाटेच उठून मी तीन वेळा सरासरी काढली होती. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं होतं. मांजर जाणार होतं.

आधी प्रयोग काय होता ते सांगते.

मी मुलींच्या हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि मे महिन्याच्या अखेरीला निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि माझं प्रयोगशाळेतलं कपाट रिकामं करून शिपायाने एक मोठं खोकं आणून ओसरीवर ठेवलं. ते मी उघडलं नाही. घाई काय होती? चौतीस वर्षांची झोप साठलेली होती, ती मी काढत होते. उठायला कधी नऊ वाजायचे, कधी अकरा. फोन वाजून वाजून थांबायचा. सकाळचा भात संध्याकाळी खाल्ला तर खाल्ला. निवृत्त माणसाला एवढी सूट हवीच, असं मी स्वतःला बजावत होते.

ऑगस्टात गिरवीहून इंदुअक्का आली. माझी थोरली बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. चौथी शिकलेली, दोन मुलगे शेती बघणारे, भावोजी जाऊन सहा वर्षं झालेली. बरोबर एक पेटी, लसणाच्या चटणीचा डबा आणि गोळ्यांची पुडी.

“बीपी वाढलंय गं,” ती उंबऱ्यातच म्हणाली. “डागदर जवळ असलेला बरा. राहू का चार दिस?”

“विचारतेस काय? ये की.”

तिने पहिलं काय केलं असेल, तर पेटीतून खतवाल्याचं फुकट मिळालेलं कॅलेंडर काढून स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लावलं.

“अक्का, माझं आहे ना तिकडे भिंतीवर.”

“त्याच्यात अजून मेच चाललाय,” ती म्हणाली आणि पिठाचा डबा शोधायला गेली.

ती रोज संध्याकाळी त्या कॅलेंडरसमोर निळं पेन घेऊन उभी राहायची. गोळी घेतल्याची खूण करत असेल असं मी धरून चालले. कडू गोळ्या घेणारी सगळी माणसं असं काहीतरी करतात.

मांजर सापडलं ऑगस्ट सरता सरता. अक्का ओसरी झाडत होती.

“कुमे! ये गं भायेर! तुझ्या खोक्यात कुनीतरी बिऱ्हाड केलंय!”

मी केस तसेच विस्कटलेले घेऊन बाहेर गेले. खोक्याचा एक कोपरा फाडून आत एक काळंपांढरं मांजर ऐसपैस बसलं होतं. एक कान फाटका. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की जणू मीच परवानगी न घेता आले होते. त्याला हुसकायला मी खोकं उघडलं. आत काचेची दोन चंचुपात्रं होती, माझा पांढरा कोट होता, आणि मांजराच्या बुडाखाली एक कोरी प्रयोगवही होती. मी वही ओढली. मांजराने पंजा ठेवून ती धरली. मी पुन्हा ओढली.

“देत न्हाई बघ ती,” अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. “ठमाबाई हाय मोठी. राहू दे की गं घरात.”

“मुळीच नाही. तुझं बीपी आधीच वर. मांजराचे केस नाकातोंडात जातात, धाप लागते. आणि ती रात्रंदिवस पायात घोटाळणार.”

“आगं, मांजर मांडीवर असलं की जीव निवतो. सासरी माझ्या चार मांजरं हुती.”

“त्याला पुरावा?”

“पुरावा कशाला? जीव मलाच हाय की.”

दुसऱ्या दिवशी अक्काला घेऊन मी डॉक्टर गाडेकरांकडे गेले आणि त्यांनाच विचारलं की वयस्कर माणसाला मांजर पाळणं चांगलं की वाईट. डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग होती. ते लिहिता लिहिता म्हणाले, “काही म्हणतात बीपी उतरतं, काही म्हणतात त्रास होतो. तुम्ही विज्ञानाच्या बाई, घरात ठेवून मोजून बघा ना!”

ते थट्टेने म्हणाले होते. मला मात्र कानात वारं शिरल्यासारखं झालं. मी इतक्या झपाट्याने घरी निघाले की अक्का दोन चौक मागे राहिली. वाटेत मी बॅटरीवर चालणारं बीपीचं यंत्र घेतलं, घरी येऊन प्रयोगवहीचं पहिलं पान उघडलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीने लिहून काढलं. उद्देश: मांजर घरात असताना व नसताना वयस्कर व्यक्तीच्या रक्तदाबात होणारा फरक अभ्यासणे. साहित्य: मांजर एक, रक्तदाब मोजण्याचे यंत्र एक, खुर्ची एक, अक्का एक.

“मी सायित्यात?” अक्का ओरडली.

“मग कुठे घालू तुला? आकृतीत?”

सप्टेंबरचे पहिले पंधरा दिवस मांजर घराबाहेर, ओसरीवरच्या खोक्यात, दार बंद. पुढचे पंधरा दिवस मांजर घरात, हवं तिथे. रोज सकाळी सात वाजता त्याच खुर्चीवर, त्याच डाव्या हाताला, चहाच्या आधी मोजायचं. आकडे अक्काला सांगायचे नाहीत, नाहीतर तिच्या मनावर परिणाम होईल. मांजराने दाब वाढला तर एक ऑक्टोबरला ते जगूतात्यांच्या गोदामात जाणार. उतरला किंवा तेवढाच राहिला तर ते आपलं. तात्यांना निरोप गेला. अक्काने अट मान्य केली, पण तोंड एवढंसं केलं.

“आणि तुझ्या त्या यंत्राचं डोकं फिरलं तर?”

“यंत्राला डोकं नसतं, अक्का. म्हणून तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा.”

पहिले पंधरा दिवस अगदी शिस्तीत गेले. मी पहाटे साडेपाचला उठायची, कारण प्रयोग करणाऱ्याने उशिरा उठून कसं चालेल? ओसरीवर जाऊन मांजर जागेवर आहे ना ते पाहायचं, वाटीत दूध घालायचं, वहीत नोंद करायची. सात वाजता अक्का खुर्चीत मुकाट बसायची. बंद दारापलीकडून मांजर एकदा ओरडायचं. अक्का दाराकडे पाहायची, मी यंत्राकडे. हाताचा पट्टा फुगायचा, सुटायचा, आकडा यायचा. मी लिहायची. दोघी चहा प्यायचो.

सोळा तारखेला मी दार उघडलं.

ठमाबाई आत आल्या त्या सरळ खुर्चीखाली. अक्काच्या दंडाला पट्टा बांधून मी बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला तशी यंत्राची रबरी नळी थरथरली, आणि खालून एक पंजा आला. फट्! नळीवर. पुन्हा फट्! मग दोन्ही पंज्यांनी नळी धरून मांजर उताणं पडलं आणि मागच्या पायांनी तिला लाथा मारायला लागलं.

“आगं बया! साप समजली का काय!” अक्काचं पोट हलायला लागलं.

“हलू नकोस! वाचन चुकेल!”

“मी कुठं हलतीय, तीच हलवतीय!”

मी मांजराला ओढायला वाकले, त्याने नळी सोडून माझी वेणी धरली. अक्का डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. यंत्राने आकडा दाखवला, एकशे एकावन्न. मी तो लिहिला आणि खाली निरीक्षण नोंदवलं: ‘मांजर नळीशी खेळते.’ हस्ताक्षर वाकडं आलं होतं, कारण मलाही हसू आवरत नव्हतं.

हे रोज व्हायचं. सात वाजायला पाच मिनिटं कमी असतानाच मांजर खुर्चीखाली हजर! अक्का आधीच पदर तोंडाला लावून बसायची. एकदा मांजराने पट्ट्याचं टोक धरून अख्खं यंत्र टेबलाखाली नेलं आणि आम्ही दोघी, एक सत्तरीची आणि एक साठीला टेकलेली, गुडघ्यांवर रांगत त्याच्या मागे. दुपारी ते माझ्या वहीवर झोपायचं. मी वही न ओढता शेजारी बसून राहायची. संध्याकाळी त्याच्यासाठी सुकट आणायला मी स्वतः बाजारात जायला लागले. ओळखीच्या मुली भेटायच्या, आता त्यांच्या कडेवर पोरं. “बाई, किती दिवसांनी!” म्हणायच्या. मी त्यांना प्रयोग समजावून सांगायची.

आणि तीस तारखेला सगळी वाचनं पूर्ण झाली. मांजर नसताना वरच्या आकड्याची सरासरी एकशे छत्तीस. मांजर असताना एकशे अठ्ठेचाळीस.

एक तारखेच्या पहाटे मी स्वयंपाकघरात दिव्याखाली बसले होते आणि मांजर माझ्या पायावर. तिसऱ्यांदा बेरीज केली. मनात आलं, एकशे बासष्टचा एकशे बेचाळीस करायला एकच आकडा बदलायचा. आणखी आठ-नऊ ठिकाणी तसंच. कोण तपासणार? मग मला नववीतली एक मुलगी आठवली. तिने लंबकाची वाचनं मैत्रिणीच्या वहीतून उतरवली होती, आणि मी सगळ्या वर्गासमोर तिला ती पुन्हा घ्यायला लावली होती. मी पेन खाली ठेवलं. अनुमानाच्या जागी लिहिलं: ‘मांजर घरात असल्याने रक्तदाब वाढतो.’ मला मांजरापेक्षा अक्का जास्त हवी, असं मनाशी म्हणून मी वही मिटली.

तर आता नऊ वाजले होते आणि तात्या पायरीवर.

मी अक्काला बोलावलं आणि वही उघडून उभ्यानेच वाचलं, उद्देशापासून अनुमानापर्यंत. आवाज मुद्दाम वर्गातला ठेवला.

अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. “वाढतंय?” तिने विचारलं.

“बाराने.”

“जाणार म्हण की मग ती.”

“तसं ठरलंय.”

तात्या उठले. मांजर फळीवर पिठाच्या डब्याशेजारी बसून पंजा चाटत होतं. तात्या डालगं पुढे धरून दबकत दबकत आत गेले. “ये बाय, ये ये ये, लई उंदरं हायती आमच्याकडं...”

ठमाबाईंनी उंदरांचा प्रस्ताव फेटाळला. डबा खाली आला. सगळीकडे पीठ! मांजर फळीवरून तात्यांच्या खांद्यावर, खांद्यावरून टेबलावर. “धरा! धरा बाई!” तात्या ओरडले. मी धावले, कशासाठी ते मलाही कळत नव्हतं, धरायला की सोडवायला. मांजराने टेबलावरून झेप घेतली ती थेट दाराशेजारच्या कॅलेंडरवर. चारी पाय पसरून ते क्षणभर कॅलेंडरला लटकलं. मग खिळा निसटला आणि मांजर, कॅलेंडर, खिळा सगळं माझ्या अंगावर. तात्यांनी डालगं टाकलं ते खुर्चीवरच्या यंत्रावर पडलं. मांजर माझ्या छातीवरून पाय देऊन ओसरीवर पळालं आणि आपल्या खोक्यात घुसलं.

मी जमिनीवर बसले होते, अंगभर पीठ, मांडीवर कॅलेंडर. ऑक्टोबरचं पान वर होतं आणि कोरं होतं. पडताना मागची पानं उलगडली होती. सप्टेंबरचं पान मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसलं.

एक ते पंधरा, बहुतेक चौकोनांत एकेक निळं टिंब. सोळापासून तीसपर्यंत रोज दोन दोन. मी ऑगस्ट उघडला. अक्का आली त्या दिवसापासून महिना जवळजवळ कोरडा. शेवटच्या आठवड्यात, मांजर सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी तिला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा, पहिलं टिंब.

“अक्का, हे कसले ठिपके?”

“गोळ्यांचे,” ती झटकन म्हणाली.

“गोळी रोज एक घेतेस. ऑगस्टात घेतल्या नाहीस? आणि गेले पंधरा दिवस दोन दोन घेतल्यास?”

चौतीस वर्षं मुलींचं खोटं पकडलेलं होतं मी. अक्काने तात्यांकडे पाहिलं. तात्या छताकडे पाहायला लागले.

“बरं, ऐक,” ती म्हणाली आणि माझ्याशेजारी पिठातच बसली. “तुझ्या हेडबाईंचा फोन आला हुता गिरवीला. म्हनाल्या, बाई दार उघडत न्हाईत, फोन घेत न्हाईत, काय करावं कळंना. मी आले. माझं बीपी धा वर्सं हाय, गोळी घेते, काय हुत न्हाई मला. मी काय बीपीसाठी आले व्हय हितं?”

मी पदरावरचं पीठ झटकायला लागले.

“आले तवा तू अकरापर्यंत भिंतीकडं तोंड करून पडायचीस. इचारलं तर म्हनायचीस, झोप काढतीय. माझ्या नवऱ्यामागं मी बी अशीच झोप काढली हुती, मला ठावं हाय ती झोप. म्हनलं, हिला सांगून पटायचं न्हाई, ही पुरावा मागती. मग ठरीवलं. आपनहून दार उघडून भायेर गेली की एक टिंब. हसली की दुसरं.”

मी पुन्हा पान पाहिलं. आयुष्यभर मुलींना तक्ते वाचायला शिकवले, पण इतका सरळ तक्ता माझ्यापुढे कधी आला नव्हता. मोजायचं होतं त्या माणसाला मी मोजलंच नव्हतं. साहित्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. पिठाच्या हातांनी डोळे पुसले, ते आणखी चरचरायला लागले.

“पण तुझा दाब,” मी हुंदके देत म्हटलं. “तो तर खरंच वाढलाय. बाराने.”

“आगं शानी का खुळी तू? रोज सकाळी हात बांधून मला हसवतीस आनि म्हनतीस वाढलं! आदी मी मुक्यानं बसायची. मांजर आल्यापासनं एक दिस तरी गप बसून मोजलंस का मला?”

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. आणि मी मांजराबरोबर हसू घरात घेतलं होतं आणि ते मोजायचं विसरले होते! मी ताडकन उठले. खुर्चीवरचं डालगं बाजूला केलं, यंत्र पुसलं, अक्काला बसवलं. मांजर खोक्यात, आम्ही सगळे चिडीचूप. तात्यांनी तर श्वाससुद्धा रोखला होता.

एकशे पस्तीस.

“मांजर आत आणा,” मी म्हटलं. तात्या स्वतः गेले आणि खोक्यासकट मांजर उचलून घेऊन आले. ते धावपळीने दमून झोपी गेलं होतं. अक्काने ते मांडीवर घेतलं. पुन्हा चिडीचूप.

एकशे बत्तीस.

“तात्या!” मी ओरडले, “तात्या, प्रयोग चुकला! अनुमान रद्द!”

“मग मांजर?”

“मांजर...” मी थांबले. जित्याची खोड. “थांबा. नीट विचार केला पाहिजे. अक्का, तुझी टिंबं मांजरामुळे की प्रयोगामुळे? पहाटे मी प्रयोगासाठी उठत होते. बाजारात सुकटासाठी जात होते, पण मुलींशी बोलले ते प्रयोगाविषयी. दोन्ही गोष्टी एकदम सुरू झाल्या. मला बरं कशाने वाटलं, हे वेगळं काढता येत नाही.”

अक्काने मांजराच्या फाटक्या कानामागे खाजवलं.

“मग दोनी ठेव की,” ती म्हणाली.

जगूतात्यांनी टोपी घातली. “मला काय, मी उंदरांना सांगतो बाई न्हाई म्हनल्या म्हनून,” असं म्हणून ते डालगं उचलायला लागले. मी त्यांना चहाला थांबवून घेतलं. दुसरं मांजर शोधून द्यायचं कबूल केलं, आणि ते पुढे दिलंही.

ठमाबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. अक्काचे चार दिवस अजून संपलेले नाहीत.

त्या सकाळी चहाचं आधण ठेवलं तेव्हा अक्काने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. “आता तुझा हात. महिनाभर माझाच पिळलास.” तिने पट्टा उलटा बांधला, मी सुलटा केला. ती मांजर मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि बटण मी दाबलं. पट्टा फुगला, नळी थरथरली आणि अक्काच्या मांडीवरच्या ठमाबाईंनी एक डोळा उघडला. मला माहीत होतं आता काय होणार. अक्काला माहीत होतं. मी ओठ घट्ट मिटून धरले.

फट्!

प्रयोगवहीत त्या तारखेची नोंद अजून आहे, पिठाच्या बोटांच्या ठशासकट: ‘वाचन घेता आले नाही.’ मी ती लिहीत होते तेवढ्यात अक्का उठली आणि जमिनीवरून कॅलेंडर उचलून निळं पेन शोधायला लागली.